भिंतीकडे तोंड केलेला सायलेन्सर

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळही नाही. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून तुम्हाला सांगतोय — आणि ऐकून मला चांगलं म्हणावं असं यात काही नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

शेजारच्या घरात माझा चुलत चुलता राहायचा. तात्या. हा माणूस मला आवडत नाही. तेव्हाही आवडत नव्हता, आत्ता सांगतानाही आवडत नाही. बेंबळीकडचं एक स्थळ मला पक्कं होत आलं होतं. पाहुणे चौकशी करत त्याच्या ओट्यावर टेकले आणि चहा पिता पिता यानं सांगून टाकलं, पोरगं कुठंच टिकून काम करत नाही. स्थळ मोडलं. तात्या खोटं बोलला होता का? नाही. म्हणूनच जास्त झोंबलं.

आमचं गाव सास्तूर. त्र्याण्णवचा भूकंप झाला तेव्हा मी जन्मलोही नव्हतो. तात्याची दोन लेकरं त्यात गेली. पुढं नवं घर मिळालं, पण आत झोपायची त्याची छाती होईना. मग त्यानं एक सोय केली — भिंतीतल्या फळीच्या अगदी काठावर स्टीलचा पेला, खाली परात. जमीन हलली की पेला पडणार. तात्याला कमी ऐकू येतं, पण परातीचा खणखणाट तेवढा ऐकू यायचा. लहानपणी त्या पेल्याशी खेळलो म्हणून मी त्याचा मार खाल्लाय. पेला कशासाठी आहे हे मला चांगलं माहीत होतं. एवढं लक्षात असू द्या.

माझ्या मोटारसायकलचा सायलेन्सर मी घरीच बदलला. सोलापूरहून आखूड पाईप आणला, इंजिनाजवळचे गंजलेले नट तेल मारून मारून सोडवले, कंपनीचा सायलेन्सर पोत्यात गुंडाळून माळ्यावर टाकला. नव्या पाईपच्या तोंडातली जाळीही उपसून काढली. गल्ली वैतागली, पण सगळ्यांना वाटलं, पोराचा शौक. मीही तेच सांगायचो. मग गाडी रोज उलटी का लावायचो — पाईपचं तोंड तात्याच्या भिंतीला, बरोबर त्या फळीमागं? रेस किती दिली की भिंत थरथरते, हे मी तळहात टेकवून का बघितलं होतं?

एका दुपारी गल्लीतले सगळे रानात होते; तात्या आणि त्याची बायको, माझी काकू, तेवढी घरात होती. मी रेस दिली, धरून ठेवली. भिंतीपलीकडं पेला पडला. मला हसू आलं — हो, आलं.

तात्या काकूचा हात धरून तिला ओढतच बाहेर पळाला. पायरीवर काकू आडवी झाली. मांडीचं हाड खुब्यात मोडलं होतं.

मीच जीप आणली, मीच तिला उचललं. पोरगं वेळेला धावलं, असं गावात झालं. दवाखान्यात जो तो तात्याला समजावत होता की भूकंपबिकंप काही झाला नाही, तुम्हाला भास झाला. तो ऐकेना. मग त्यानं माझ्याकडं बघितलं.

“तू तर घरीच हुतास. तुला तरी जाणवलं का रं?”

गाडी होती, एवढंच म्हणायचं होतं. इतकं अवघड होतं का ते?

“व्हय तात्या. मलाबी जाणवलं.”

त्याची कीव आली म्हणून नाही बोललो. माझं नाव येऊ नये म्हणून बोललो.

दुसऱ्याच दिवशी मी जुना सायलेन्सर परत बसवला. आजारी माणसाची काळजी घेतो म्हणून त्याचंही कौतुक झालं. तात्या मात्र त्या घरात पुन्हा गेला नाही. रानात पत्र्याचं शेड मारलं आणि काकूची खाट तिथं नेली. कुणी काही बोललं की तो माझं नाव सांगायचा — त्यालाबी जाणवलंय, इचारा.

काकू पुन्हा उभी राहिली नाही. उन्हाळ्यात पत्रा असा तापायचा की तिची खाट बाभळीखाली ओढावी लागायची. एकदा मी डबा द्यायला गेलो, तेव्हा तात्या विहिरीकडं गेला होता. तिनं माझं मनगट धरलं.

“लई उकडतंय रं. मला घरला जायचंय. तू सांग की त्यास्नी, घर हालत न्हाय म्हणून. तुझं ऐकत्यात ती.”

मी तिचा हात सोडवला, डबा उशाशी ठेवला आणि निघालो.

काकू त्या शेडमध्येच गेली. घर रिकामं होतं, चालत दहा मिनिटांवर.