आवडीची तक्रार

ताई गुरुवारी गेली. सकाळी ती फोनवर बोलली, चहा प्यायली आणि जिना उतरली. दुपारी दवाखान्यातून दाजींचा फोन आला.

आमची कंपनी दोघींची होती. मंगळवार पेठेत पिठाच्या गिरणीवरची खोली, दोन टेबलं, एक पंखा. लहान धंद्यांसाठी सॉफ्टवेअर करायचं, हे काम. कशासाठी करायचं ते ताई शोधायची, आणि मी करायची. मला माणसांपेक्षा पुस्तकं सोपी जातात. तिचं उलटं होतं. पुस्तक उघडलं की तिला झोप यायची, पण रिक्षात बसली की उतरेपर्यंत रिक्षावाल्याच्या बहिणीचं लग्न कुठं अडलंय हे तिला ठाऊक झालेलं असायचं.

कल्पना बसून सुचते यावर तिचा विश्वास नव्हता. "बसून विचार केला की नुसती भूक लागती," ती म्हणायची. "माणसं कुठं शिव्या घालत्यात ते बघायचं. तिथं काम असतंय." मग चपला घालून, "मी आलो गं जाऊन," असं कोल्हापूरच्या बायकांच्या थाटात सांगून ती बाहेर पडायची. कोल्हापुरात शिव्यांचा तुटवडा नाही. दूध कट्ट्यावर, मंडईत, फुटबॉलच्या मैदानावर, हवा तेवढा माल. अडचण वेगळीच होती. इथं मित्र भेटला की आधी शिवी आणि मग चहा. त्यातून कामाची शिवी निवडणं म्हणजे खड्यांतून तांदूळ निवडणं.

एकदा ती साफ फसली. खालच्या गिरणीत बायका रोज ओरडायच्या, "दळण झालं का न्हाय अजून? किती ताटकळायचं माणसानं?" ताईला वाटलं, सापडलं. दळण झालं की मोबाईलवर निरोप जायला हवा. मी लगेच कोड लिहायला बसले. तिनं माझा लॅपटॉप मिटला.

"आधी हातानं करून बघायचं. चाललं तर मशीन."

म्हणून ती स्वतःच मशीन झाली. गिरणीवाले काका जिन्याखालून हाळी द्यायचे, "निळ्या डब्याचं झालं!" आणि ताई वर बसून टाइप करायची, 'आपले दळण तयार आहे.' एका आजींनी मशीनला उलट विचारलं, 'जेवलास का बाळा?' ताईनं जरा विचार केला आणि लिहिलं, 'अजून न्हाय.' संध्याकाळी गिरणीत मशीनसाठी भाकरी आणि वांग्याचं भरीत आलं. आम्ही दोघींनी ते खाल्लं.

पण पुढच्याच आठवड्यात बायका चिडून जिन्यापाशी आल्या. "कसला मेसेज काढलाय ह्यो? झालं म्हणून कळलं की सासू नवऱ्याला धाडती डबा आणायला. मग आमी घरातनं निघायचं कवा? बोलायचं कुठं?" गिरणीतलं बाकडं ओस पडलं होतं. शेवटी काकांनीच हात जोडले, "बंद करा ताई. ह्या न्हाईत तर मला बी करमंना."

ताई जिन्यात बसून पोट धरून हसली. मग म्हणाली, "काही तक्रारी आवडीच्या असत्यात. त्या सोडवायच्या न्हाईत." तेव्हापासून कुणीही शिवी दिली की ती त्याच्या तोंडाकडं निरखून बघायची. ही दुखण्याची का आवडीची? तिला बहुतेक वेळा ओळखू यायचं. मला कधी जमलं नाही.

कामात मात्र ती कडक होती. दुपारच्या जेवणापर्यंत दोघींचे फोन फराळाच्या रिकाम्या डब्यात. एका वेळी एकच काम. माझ्या स्क्रीनवर दोन कामं उघडी दिसली की म्हणायची, "दोन दगडांवर पाय ठेवून अजून कोण पंचगंगा वलांडलं न्हाय."

दिवसकार्य झाल्यावर दाजी ऑफिसात आले. तिच्या खुर्चीत न बसता खिडकीला टेकले. "चालू ठेवतीस का बंद करूया? मला त्यातलं काय कळत न्हाय. तू म्हणशील तसं."

पुण्याच्या एका कंपनीनं मला नोकरी देऊ केली होती. तिथं फारसं कुणाशी बोलावं लागलं नसतं. इथं मला कोड लिहिता येत होता, पण तो कशासाठी लिहायचा हे शोधणारी गेली होती. "विचार करून सांगते," मी म्हणाले, आणि विचार करत बसले. नुसती भूक लागली.

दोन दिवसांनी शिरोलीच्या एका फौंड्रीतून, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यातून, फोन आला. तिथल्या सुपरवायझरना सगळे मामा म्हणत. ताई त्यांना भेटायला जाणार होती. "ताई कवा येणार?" त्यांनी विचारलं. फोनवर मला सांगता येईना. "मी येते," म्हणाले.

समोर बसून सांगितलं तेव्हा मामांनी डोक्यावरची टोपी काढली. त्यांनी चहा मागवला आणि मग चहालाच शिव्या घातल्या. पाठोपाठ वीज, वाळू, जीएसटी आणि जावई. सगळ्यांना सारख्याच दणदणीत. यातली कुठली दुखण्याची, मला काही कळेना. मनात म्हटलं, पुण्यालाच जावं.

तेवढ्यात एका गिऱ्हाइकाचा माणूस आपलं पॅटर्न परत न्यायला आला. पॅटर्न म्हणजे लाकडी नमुना, ज्यावरून ओतकामाचा साचा घेतात. मामा एकदम गप्प झाले. माळ्यावर चढले आणि धुळीतली लाकडं उलथीपालथी करू लागले. बराच वेळ गेला. चहाला न सोडणारा माणूस तोंडातून ब्र काढत नव्हता. ताईला शिव्यांमधलं कळायचं. हे गप्प होणं मात्र माझ्या ओळखीचं होतं.

ते रिकाम्या हातांनी खाली उतरल्यावर मी विचारलं, "मामा, असं नेहमी होतं?"

"रोजचंच की," ते हळू म्हणाले. "घावलं न्हाय तर नवं करून द्यायला लागतंय. आन् चूक माझी धरत्यात."

मी लॅपटॉप उघडला नाही. खडू मागितला, ओढणी कमरेला बांधली आणि माळ्यावर चढले. नंतरचे काही दिवस मी तिथंच होते. प्रत्येक पॅटर्नवर नंबर घातला, फोटो काढला. मामांना म्हटलं, काही हवं असलं की मला फोन करायचा.

पहिला फोन आला. "पंपाचं झाकण. थोरलं."

"डावी भिंत, वरचा कप्पा, छत्तीस नंबर."

पलीकडं खडखडाट झाला. मग आरोळी आली, "घावलं की ओ!" आणि त्यामागून एक सणसणीत शिवी. ही आवडीची होती. ओळखायला मला वेळ लागला नाही.

त्या संध्याकाळी दाजींना सांगितलं की चालू ठेवते, आणि पुण्याला नकार कळवला.

आता खोलीत मी एकटी असते. ताईची खुर्ची तिच्या टेबलापाशी आहे. पॅटर्नचं सॉफ्टवेअर अर्धं लिहून झालं आहे. ते पुरं होईपर्यंत मामांचे फोन मी घेते.