घुमणारं चाक

गॅरेजात त्यांना सगळे उस्ताद म्हणत, आणि उस्ताद सकाळपासून भडकलेले होते. उजव्या पुढच्या चाकाचं बेअरिंग त्यांनी परवाच बदललं होतं, स्वतःच्या हातानं. आणि तीच गाडी आज पुन्हा दारात. गाडीचा मालक, एक शाळामास्तर, नरमाईनं सांगत होता की आवाज होता तसाच आहे. उस्तादांनी त्याला ऐकवलं, आवाज गाडीत नाही, तुमच्या डोक्यात आहे.

उभा जन्म त्यांनी गाड्या कानानं ओळखल्या होत्या. जॅक लावायच्या आधी गाडीत बसायचं, डोळे मिटायचे आणि कुठलं चाक बिघडलंय ते सांगायचं. गॅरेज आता मुलगी चालवायची, पण चाक सांगण्याचा मान त्यांचाच. त्याला कुणी हात लावला की त्यांचं पित्त खवळे.

मुलीनं मुकाट्यानं किल्ली घेतली, त्यांना शेजारी बसवलं. रिकाम्या रस्त्यावर वेग वाढला तसा खालून गिरणीसारखा घुमघुमाट उठला.

"उजवंच," उस्ताद म्हणाले. "नवा मालच फुसका निघाला. त्या दुकानदाराला उभा चिरतो."

तिनं गाडी हलकेच डावीकडे घेतली, आवाज बसला. उजवीकडे घेतली, आवाज चढला. पुन्हा तेच. उजवीकडे वळताना गाडीचा भार डाव्या चाकावर येतो आणि खराब बेअरिंग भाराखाली जास्त घुमतं, हे तिला त्यांनीच शिकवलं होतं. आवाज चढलेला त्यांनाही कळला. पण तो येत होता उजवीकडूनच. आताशा सगळंच उजवीकडून यायचं.

उस्तादांनी डाव्या कानाशी चुटकी वाजवून पाहिली. मग विचारलं, "कधीपासून?"

"डावा कान? झालं वर्ष."

"आणि मला सांगायची अक्कल नाही तुला?"

"सांगितलं होतं, बाबा. डावीकडून."

तिला हसू आवरेना, तसे ते आणखी पेटले. परतताना त्यांनी तिचा, मास्तरचा, मूग गिळून बसलेल्या कामगारांचा उद्धार केला. वर्षभरात आपण धडधाकट बेअरिंगं किती उपसून फेकली असतील, हे मनात आलं आणि तोंड मिटलं. राग तेवढा उरला, जायला जागा नसलेला.

मास्तर दारातच उभा होता. कुठलं चाक, त्यानं विचारलं.

उस्तादांनी सवयीनं तोंड उघडलं. मग उतरून गाडीचं दार असं आपटलं की काच थरथरली.

"मला काय विचारता? तिला विचारा."