बहिणीच्या अंगात आलेला डायनासोर

माझ्या चुलत बहिणीच्या अंगात डायनासोर आला होता, असं सांगितलं की लोक हसतात. हसोत बापडे. मला अजून हसू येत नाही.

बहात्तरचा दुष्काळ. प्रवरा कोरडीठाक. आम्ही दोघी वाळूत झिरा उकरायचो आणि वाटीवाटीनं हंडा भरायचो. पाणी साचेपर्यंत मी तिला पुस्तकातल्या डायनासोरचं सांगायची. मी मॅट्रिकला होते, तिची शाळा चौथीतच सुटलेली.

"म्हशीएवढा आसंल का गं त्यो?"

"म्हशीएवढा काय! चार बैलगाड्या एकापुढं एक लाव. मान ताडाएवढी. तेव्हा माणूस जन्मालाही आला नव्हता."

"लई गप्पा हानती तू," म्हणायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच सांगायला लावायची.

एकदा उकरता उकरता काठाची दरड ढासळली आणि आत ते हाड दिसलं. माझ्या मांडीपेक्षा जाड, दगडासारखं जड. दोघींनी ते घरी आणून गोठ्यात पोत्याखाली ठेवलं. ते हाड डायनासोरचं नसणार, जुन्या काळच्या हत्तीचं असणार, हे मला फार पुढं कळलं. पण तेव्हा माझा सगळा जीव त्यात अडकला होता. कारण आमच्या सायन्सच्या सरांनी नगरच्या कॉलेजातल्या प्राध्यापकांना कळवलं होतं, आणि ते रविवारी बघायला येणार होते. माझे वडील मला पुढं शिकवायला तयार नव्हते. मी फार मागं लागले तेव्हा ते एवढं म्हणाले, "येवढा मोठा मास्तर घरी यिऊन सांगंल, तर धाडीन नगरला." हे मी फक्त तिला सांगितलं. दुसऱ्या कुणाला सांगणार?

तिचं लग्न ठरलं होतं एका बिजवराशी. झिऱ्यावर बसून ती ढसाढसा रडायची. मी म्हणायची, मला नगरला जाऊ दे, मग तुझंही काहीतरी बघू. ती डोळे पुसून पुन्हा वाटी उचलायची.

शुक्रवारी सकाळी ती केस मोकळे सोडून गोठ्यात घुमायला लागली. पोतं फेकून दिलं, हाडाला मिठी मारली. अख्खी आळी जमली.

"मी लई जुनी हाय!" ती ओरडत होती. "मानूस न्हवता तवा मी हुते! माजं आंग चार गाड्यांयेवढं, माजी मान ताडायेवढी! मला हितून हलवाल तर बगा! आन् ह्या झाडाचं, ह्या पोरीचं, लगीन लावू नगा!"

माझे शब्द! अगदी माझेच, एकही कमी नाही. मी किंचाळले, "खोटं आहे! हे मी तिला सांगितलंय!" आईनं फाडकन माझ्या थोबाडीत मारली. देवीला खोटं म्हणते सटवी!

संध्याकाळपर्यंत हाडाला शेंदूर लागला आणि ते लिंबाखाली जाऊन बसलं. बिजवराकडच्यांनी घाबरून लग्न मोडलं. रविवारी प्राध्यापक आले. वडिलांनी त्यांना चहा दिला आणि हात जोडून म्हणाले, "सायब, देवाला हात न्हाई लावू देनार." ते लांबूनच बघून गेले. माझं नावही निघालं नाही. मी दाराआड उभी होते, आत्ता बोलावतील, मग बोलावतील म्हणून.

तिला लग्न नको होतं, हे मला कळतं हो. मला नुसतं सांगितलं असतं, तर मीच तिला घुमायला शिकवलं असतं, पण रविवार उलटल्यावर. तिनं विचारलंसुद्धा नाही. माझ्याच तोंडचं उचललं आणि माझ्याच मुळावर आली.

पुढच्या मंगळवारी आई मला हाताला धरून लिंबाखाली, हाडाशेजारी बसलेल्या बहिणीपुढं घेऊन गेली. पाया पड, माफी माग. बायका बघत होत्या. मी वाकले. वर पाहिलं, तर तिचे डोळे अगदी रोजचे, झिऱ्यावरचे. घुमणं नाही, काही नाही. तिनं अंगठ्यानं माझ्या कपाळाला कुंकू लावलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "जा पोरी, तुला माफ केलं."

आईनं मागून ढोसलं, आणि मी बहिणीला म्हणाले, "व्हय, आई."