परस्पर दिलेला नकार

माझे शिक्षण चौथीपर्यंत. हे मात्र कॉलेज शिकलेले. कुरवंड्याहून लोणावळ्याला कॉलेजात पायी जायचे, पायी म्हणजे पळतच. लांब पल्ल्याच्या शर्यतीत त्यांना कुणी गाठत नसे. त्याच पळण्यावर फौजेत लागले, तोफखान्यात. निवृत्त होऊन आले तेव्हा ऐकू फार कमी यायचे. पुढे हातही कापायला लागले. बशीत चहा ओतला की निम्मा खाली. वर तेच हसायचे, "निम्मा जमिनीला. तिचा पन हक्क हाय."

एका जानेवारीत शाळेचे सर घरी आले. हे मागे गोठ्यात होते.

"काकू, सव्वीस तारखेला झेंडा काकांच्या हातून फडकवायचाय. तुम्हीही यायचं. दोघांचा सत्कार करू, तुम्ही दोन शब्द बोला."

चार माणसांत माझ्या तोंडातून आवाज फुटत नाही. गावासमोर खुर्चीवर बसायचे, वर बोलायचे! मी म्हणाले, "ते न्हाई म्हनत्यात. हात कापत्यात ना."

"मी बोलू का त्यांच्याशी?"

"नको. वाईट वाटंल त्यांना."

गोठा वीस पावलांवर होता. सर गेले आणि मी ह्यांना काही सांगितले नाही.

त्या दिवशी हे इस्त्रीचा सदरा घालून शाळेत गेले, लोकांच्या मागे उभे राहून आले. बहिऱ्या माणसासारखे मोठ्याने म्हणाले, "दोरी उलटी वढली त्यांनी. झेंडा मधीच अडाकला. मला इचारलं असतं तर काय झालं असतं?"

मी भाकरी थापत राहिले.

पुढच्या वर्षी सर पुन्हा आले. मी तेच उत्तर दिले. तिसऱ्या वर्षी ते आलेच नाहीत. ह्यांनीही शाळेवरून जाणे सोडले. दूध घालायला बांधाबांधाने, लांबून जायचे. एकदाच म्हणाले, "गाव इसारलं आपल्याला."

"जाऊ द्या की," मी म्हणाले. खरे सांगायला तेव्हा घरात आम्ही दोघेच होतो. तरी सांगितले नाही.

गेल्या दिवाळीनंतर हे गेले. दहाव्याला इंद्रायणीकाठी सर श्रद्धांजलीला उभे राहिले. "दोनदा बोलावलं, पण काकांना मानपान नको होता. एवढा मोठा माणूस!" लोकांनी माना हलवल्या. शेजारी बसलेली जाऊ कुजबुजली, "बाई, भावजी आपल्याला कधी बोलले न्हाईत ते!"

"सोभावच तसा त्यांचा," मी म्हणाले.

ज्या माणसाला बोलावण्याची आस होती, त्याच्या पिंडासमोर मी हे बोलले.

परवा सर पुन्हा दारात आले. यंदा झेंडा मी फडकवावा, ह्यांच्या जागी. बोलायचे नाही, नुसती दोरी ओढायची. तेव्हाच सांगायचे होते, की नकार त्यांचा नव्हता, माझा होता. ओठांपर्यंत आले. पण मी पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाले, "आता कुटं मला..."

"समजतो मी, काकू," सर म्हणाले. त्यांना ते दुःख वाटले. दुःख होतेच, पण पदर मी त्यासाठी लावला नव्हता. सर चपला घालून निघाले. मी त्यांना चहाचेही विचारले नाही.