आठवा नंबर

माझं पोस्टिंग भोपाळला होतं. लान्स नाईक हेमंत पोतनीस माझ्याच सेक्शनमध्ये होता. त्याचं घर रायसेन रोडला, कारखान्याच्या टाऊनशिपमध्ये. वडील तिथेच वाइंडर होते, मोटारींच्या तारा गुंडाळायचे. रविवारी आऊटपास मिळाला की तो मला जेवायला घरी न्यायचा.

सप्टेंबरात आमच्या आठ जणांच्या टीमला गुहेचं ट्रेनिंग लागलं. सकाळी सहाला ट्रक निघाला. साडेआठला आम्ही आत शिरलो. पुढे सुभेदार साहेब, एक नंबर. मी सात. हेमंत आठ. शेवटच्या माणसाचं काम ठरलेलं असतं: परतताना बांधलेला दोर सोडून आणायचा.

गुहेत पाणी गुडघाभर होतं. मध्ये पंधरा फुटांचा एक बोळ होता. तिथे पोटावर सरकावं लागे. हनुवटी पाण्याला टेकायची. पलीकडे मोठं दालन. प्रत्येक अडथळ्यानंतर गिनती व्हायची. हेमंत दालनात शेवटी पोचला.

सुभेदार म्हणाले, "पोतनीस, बारात में आया है क्या?"

"साहब, घोड़ी नहीं मिली."

सगळे हसले. सुभेदार हसले नाहीत.

दहा वाजून दहा मिनिटांनी वायरलेस सेट खरखरला. गुहेच्या तोंडाशी बसलेला ऑपरेटर बोलत होता. "ऊपर पहाड़ में बारिश है. पानी बढ़ेगा. वापस आओ. ओव्हर."

"आ रहे हैं. आउट."

त्याच क्रमानं निघालो. बोळाशी मी मागे पाहिलं. हेमंत दोराशी वाकला होता.

"तू हो पुढे. गाठ भिजून बसलीय. आलोच."

मी बोळातून बाहेर आलो तेव्हा पाणी मांडीला लागत होतं. पुढून आवाज आला, "गिनती!" एक ते सहा झाले. मी "सात" म्हणालो. मागे काही नाही. हेमंतला पुन्हा बोलणी बसणार, हे मला दिसत होतं. परेडला उशीर झाला की आम्ही एकमेकांचा नंबर कितीदा दिला होता.

"आठ!" मी म्हणालो.

"चलो," सुभेदार म्हणाले.

अकरा वाजून पाच मिनिटांनी आम्ही उजेडात आलो. सुभेदारांनी बोटानं मोजलं. सात.

"आठ किसने बोला?"

"मैंने, साहब."

ते वळले. आम्ही दोघे परत धावलो. बोळ छतापर्यंत भरला होता. सुभेदारांनी दोनदा बुडी मारली. प्रवाहानं त्यांना दोन्ही वेळा मागे फेकलं.

हेमंत दुसऱ्या दिवशी चार वाजून चाळीस मिनिटांनी मिळाला. दोर त्याच्या खांद्यावर होता, नीट गुंडाळलेला.

चौकशीत माझ्यासमोर टाईप केलेला जबाब आला. 'आठ नंबर परवानगीशिवाय मागे थांबला.'

"साइन कर दो," कॅप्टन म्हणाले. "वो तो गया. तुम्हारी नौकरी बाकी है."

मेलेल्याला साक्ष देता येत नाही, म्हणून दोष त्याच्यावर ढकलणं सोपं असतं. मी सही केली नाही. दुसऱ्या कागदावर हातानं लिहिलं: दोर सोडणं ही त्याची ड्यूटी होती. खोटी गिनती मी दिली. माझी हुद्द्याची फीत गेली. त्याच्या नावापुढे 'ड्यूटीवर मृत्यू' लागलं.

त्यानंतर मी टाऊनशिपमध्ये गेलो. हेमंतचे वडील फर्स्ट शिफ्ट करून आले होते. कारखान्याचे कपडे अंगावरच होते. मी उभ्यानंच सगळं सांगितलं.

 त्यांनी विचारलं, "तू आठ म्हणालास, ते त्याला ऐकू गेलं असेल?"

"हो, काका. बोळातून आवाज आरपार जायचा."

"मग त्यानं घाई केली नसेल," ते म्हणाले.

काकू पाणी घेऊन आल्या. मी प्यायलो. काय वाटलं ते मला सांगता येत नाही. त्या वेळी काही वाटत नव्हतं.

लान्स नाईक हेमंत पोतनीस. वय चोवीस. त्यानं हुकूम मोडला नव्हता. मोडला तो मी.