रिमगौदासचा उजवा गुडघा

आमच्या तेल्शाय गावात पोरगं साडेसहा फुटांचं झालं की त्याच्या हातात बास्केटबॉल देतात, विषय संपला. रिमगौदासच्या डोक्यात मात्र फुटबॉलचा गोल राखायचं खूळ शिरलं. देवानं दिलेली उंची कार्ट्यानं मातीत लोळवली, असं त्याची आई जन्मभर म्हणत राहिली.

नव्वद साली परक्या सत्तेतून देश मोकळा झाला तेव्हा तो परक्या लीगमधली चांगली जागा सोडून गावच्या संघात परतला. चौऱ्याण्णवच्या शेवटच्या सामन्यात पेनल्टी त्याच्या उजवीकडून आत गेली आणि संघ खालच्या श्रेणीत घसरला. नशीब, दुसरं काय, असं म्हणून लोकांनी त्याला माफ केलं. पुढे तो तिथेच कोच झाला आणि एकोणीस वर्षं पोरं घडवत राहिला.

यंदाही गाडी शेवटच्या सामन्यावर आली. बरोबरी झाली तरी संघ वाचणार होता. हरला तर संघ बरखास्त आणि मैदानावर बास्केटबॉलचा हॉल, हे नगरपालिकेनं ठरवूनच टाकलं होतं. आणि नेमका गोलकीपर तौतविदास गायब! बावीस वर्षांचा घोडा, पहाटे जंगलात अळंबी वेचायला गेलेला. पाऊस छान झालाय, दहाला येतो म्हणाला होता, असं त्याची आई फोनवर सांगत होती. अळंबीच्या दिवसांत आमचा माणूस वाट विसरतो, बायको विसरतो, कबूल. पण सामना? रिमगौदासच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसरा गोलकीपर नव्हता, तेव्हा सत्तेचाळिसाव्या वर्षी त्यानं स्वतःच हातमोजे चढवले.

ऐंशी मिनिटं त्यानं एकही गोल होऊ दिला नाही. आमचाही झाला नव्हता. सगळं गाव त्याच्या नावानं ओरडत होतं. मग एका उडीत उजव्या गुडघ्यात काहीतरी सटकलं. तो तसाच उठून उभा राहिला, कुणाला कळलं नाही.

पाच मिनिटांनी तौतविदास चिखलानं माखून, टोपलीसकट धापा टाकत आला. त्यानं कसाबसा संघाचा शर्ट चढवला, तोच पंचांची शिट्टी वाजली. पेनल्टी, आमच्याविरुद्ध.

"कोच, तुम्हीच थांबा," कप्तान म्हणाला. "त्या अळंबीवाल्याचं तोंडही बघू नका."

रिमगौदासला मोह झाला, खोटं कशाला बोला. आयुष्यात एकदा तरी, या गावासमोर. त्यानं उजव्या पायावर भार टाकून पाहिला. पाय उभा राहीना. त्यानं पंचांना हात केला आणि बदली मागितली.

"कोच, माझं चुकलं," तौतविदास पुटपुटला.

"तुझी हजामत नंतर करतो. पेनल्टी मारणाऱ्याच्या डाव्या पायावर नजर ठेव."

रिमगौदास लंगडत जाऊन बाकावर बसला. शिट्टी वाजली. तौतविदास उजवीकडे झेपावला. चेंडू त्याच्या बोटांना घासून खांबाबाहेर गेला.

सामना बरोबरीत सुटला. सगळे मैदानात नाचत होते, कोचला मात्र उठता येईना. तौतविदासनं खाली बसून त्याचा मोजा सरकवला, तर गुडघा भोपळ्याएवढा झालेला.

"हे कधी झालं?"

"पेनल्टीच्या आधी. चौऱ्याण्णवलाही आधीच झालं होतं."

तौतविदासनं विचारलं, "मग तेव्हा बाहेर का नाही आलात?"

"तेव्हाही लोक माझंच नाव घेत होते," रिमगौदास म्हणाला.