चौऱ्याऐंशी मजल्यांवरचा रोजा

शमरोज लालानं दुबईत अकरा मनोरे उभे केले, पण त्यांतल्या एकाच्याही दारातून तो आत गेला नव्हता. इमारत पुरी होत आली, की क्रेन उतरवतात आणि तिच्याबरोबर क्रेनवालाही उतरतो. एकदा इस्त्रीचे कपडे घालून तो आपल्या चौथ्या मनोऱ्याच्या दारात जाऊन उभा राहिला. दारवानानं विचारलं, कुणाकडे जायचंय? लाला म्हणाला, कुणाकडे नाही, याच्याकडेच आलोय. दारवानानं त्याला सामानाच्या दाराकडे पिटाळलं. हा किस्सा लाला अल कूझच्या मजूर कॅम्पात स्वतःच रंगवून सांगे आणि सगळ्यांच्या आधी हसे.

बारावा मनोरा म्हणजे 'प्लॉट सात'. मालकानं त्याचं काहीतरी झकपक नाव ठेवलं होतं, पण बांधणाऱ्यांचं प्लॉटच्या नंबरावर भागतं. याचा पोलादी कळस आपल्या हातानं चढवायचा आणि मग कायमचं पाकिस्तानात, स्वातला, घरी जायचं, असं लालानं ठरवून टाकलं होतं. मजले चौऱ्याऐंशी झाले होते. सहा उरले होते, आणि मग कळस.

खाली जमिनीवर अलवी. मलप्पुरमचा, बोलका, पोट जरा पुढं आलेला. ट्रकवरचं सामान हुकाला अडकवायचं आणि वॉकीटॉकीवरून लालाला सांगत राहायचं, डावीकडे, हळू, अजून हळू, बस. नऊ वर्षं दोघांचं असंच चाललं होतं. लाला म्हणे, "मलबारी, बायकोचा आवाज वर्षातून महिनाभर ऐकतो, तुझा रोज. माझं नशीब बघ."

रमजानात लाला रोजा वरच सोडायचा, कारण उतरायला अर्धा तास जायचा. खाली अजान झाली, की सगळे खजुरावर आणि भज्यांवर तुटून पडत. लालाला मात्र वरून सूर्य दिसतच असे. दिसतोय तोवर तोंडात पाण्याचा थेंब घालायचा नाही, हा त्याचा हिशेब साधा होता. दोनेक मिनिटांनी तो सांगे, "गेला." मग अलवी दुसरं भजं उचलायचा. पहिलं त्याला राहवत नसे.

त्या वर्षी दहाव्या रोजाला "गेला" यायला सात मिनिटं लागली. अलवीनं विचारलं, तुमचा सूर्य ओव्हरटाइम करतो का? लाला म्हणाला, "करू दे. या शहरात एवढा एकच जण आहे जो त्याचे पैसे मागत नाही." सगळे हसले. बाराव्या दिवशी अकरा मिनिटं झाली.

तेराव्या दिवशी सगळ्यांची भजी खाऊन झाली, नमाजही झाली, तरी वरून आवाज येईना. अलवीनं विचारलं तेव्हा लाला कोरड्या घशानं म्हणाला, "आहे रे अजून. लाल झालाय, पण जागचा हलत नाही."

अलवीनं पश्चिमेकडे मान वर केली. समुद्राच्या बाजूच्या प्लॉटवर गेल्याच आठवड्यात नवी क्रेन चढली होती. धुळकट संध्याकाळी तिच्या टोकावर विमानांसाठीचा लाल दिवा लागला होता.

गेलं वर्षभर लाला त्याला सारखं म्हणत होता, बोलत राहा, गप्प बसू नकोस. अलवी समजत होता की म्हातारा एकटेपणाला कंटाळलाय.

त्यानं बटणावर अंगठा ठेवला. म्हणावं, हो लाला, आहे अजून, आणि विषय मिटवावा, असंही मनात आलं. कळस महिन्याभरावर होता. पण हुकाखाली रोज चाळीस माणसं वावरत होती, आणि वर हा माणूस तहानलेला बसला होता.

"लाला," तो म्हणाला, "सूर्य कधीच गेला. तो समोरच्या क्रेनचा दिवा आहे."

वॉकीटॉकी खरखरला.

"किती वेळ झाला?"

"सोळा मिनिटं."

"बरं." मग बाटलीचं झाकण उघडल्याचा आवाज आला, कारण लाला बटण सोडायला विसरला होता. तो पाणी पीत होता. बराच वेळ पीत होता.

मग त्यानं नियमाप्रमाणे क्रेनचा हात वाऱ्याबरोबर फिरेल असा मोकळा सोडला आणि नमाजाची चटई काखेत घेऊन तो शिडीनं उतरला. पायांना पायऱ्या पाठ होत्या. अलवीनं चार भजी झाकून ठेवली होती. गार झाली होती, तरी लालानं चारही खाल्ली.

"डोळ्यांचं इंजिनियरला उद्या मी सांगीन," तो म्हणाला. "तू सांगू नकोस. तुझं सगळं खरं मानायची मला सवय लागलीय."

ईदच्या आधीच तो स्वातला निघून गेला. सामानात चटई, चहाची किटली आणि नातवासाठी पिवळं हेल्मेट.

कळस चढवायच्या दिवशी अलवीला इमारतीच्या माथ्यावर उभं केलं. त्यानं स्वातला फोन लावून तो स्पीकरवर टाकून खिशात चालूच ठेवला आणि नव्या क्रेनवाल्याला सांगू लागला, डावीकडे, हळू, अजून हळू. कळस जागेपासून हातभर असताना खिशातून लालाचा आवाज आला.

"मलबारी, तुझा आवाज थरथरतोय. वारा सुटलाय का?"

सुटला होता.

"मग थांबव त्याला. पडू दे वारा."

अलवीनं थांबवलं. नवा क्रेनवाला वैतागून विचारत होता, कशासाठी थांबलोय, आणि अलवी त्याला सांगत होता, पडू दे वारा. वारा पडल्यावर तो पुन्हा सांगू लागला, हळू, अजून हळू, बस.